जरा ती सीडी लावून दे

आमच्याकडचा डीव्हीडी प्लेयर गणपतीच्या आधी गेला. गेला म्हणजे ट्रे बाहेर यायचा, डिस्क आत घ्यायचा, दोन मिनिटं घरघर घरघर करायचा आणि मग टीव्हीवर 'नो डिस्क'. गल्लीच्या तोंडाशी रिपेरिंगवाले काका आहेत, त्यांनी उघडून बघितला आणि म्हणाले लेन्स गेलीय, हल्ली मिळत नाही, ठेवून काय करणार, देऊन टाका भंगारात. मी घरी येऊन तसं सांगितलं तर आईचा एकच प्रश्न, "मग माझ्या सीड्यांचं काय?"

आईच्या सीड्या म्हणजे बिस्किटांचे दोन मोठे पत्र्याचे डबे. त्यात नाटकांच्या व्हीसीडी, म्हणजे साध्या सीडीवर भरलेला व्हिडिओ, ज्या तिने आणि बाबांनी गडकरीला नाहीतर शिवाजी मंदिरला नाटक बघायला गेल्यावर बाहेरच्या स्टॉलवरून घेतलेल्या. मोझर बेअरच्या स्वस्तातल्या पिक्चरच्या डिस्क, 2007 साली त्यांनी व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना काढली तेव्हा आमच्या घरात अक्षरशः किलोवर आल्या होत्या. माझ्या लग्नाची 2006 ची डीव्हीडी, भाच्याच्या मुंजीची सीडी, दोन-तीन कीर्तनं, आणि न्यू जर्सीच्या आत्तेभावाने पाठवलेली एक अमेरिकन डीव्हीडी जी आमच्या प्लेयरवर कधीच लागली नव्हती. मी म्हटलं हे सगळं यूट्यूबवर असेल की गं. काही आहे, खरंच आहे. पण मुंज नाही ना यूट्यूबवर.

तर ठरलं की माझ्या जुन्या डेस्कटॉपवर लावून द्यायच्या. आणि तिथून जी सुरुवात झाली ती पुढे तीन रविवार चालली, म्हणून म्हटलं लिहून ठेवावं, दुसऱ्या कुणाच्या आईचे डबे असतील तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, ड्राइव्ह. कॉम्प्युटरमधला जुना ड्राइव्ह मेलेला होता, म्हणून दीड हजाराचा यूएसबीवाला सपाट ड्राइव्ह मागवला. तो आला, समोरच्या पोर्टला लावला, डिस्क टाकली, टक् टक् आवाज आणि बंद. परत टाकली, परत टक् टक्. मी दुकानदाराला शिव्या घालून बदलून मागणार होतो तेवढ्यात लक्षात आलं की कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला वीजच पुरत नाहीये. साध्या यूएसबी 2.0 पोर्टमधून कायद्याने मिळतो अर्धा अँपिअर, आणि मोटर डिस्कला फिरवायला लागते तेव्हा या ड्राइव्हला त्याहून जास्त लागतो. मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावला आणि सुरू झाला. काही ड्राइव्हबरोबर दोन टोकांची वायर येते ती याचसाठी, आणि आपण ती 'एक्स्ट्रा वायर' म्हणून ड्रॉवरमध्ये टाकून देतो.

मग डीव्हीडी टाकली, तिच्यावर डबल क्लिक केलं, आणि काही नाही. विंडोजला डीव्हीडी चालवता येत नाही ही गोष्ट मला खरंच माहीत नव्हती. म्हणजे विंडोज 7 ला यायचं, होम प्रीमियम आणि वरच्या आवृत्त्यांना. 2012 ला विंडोज 8 आलं तेव्हा त्यांनी ते काढून टाकलं, कारण डीव्हीडीचा व्हिडिओ एमपेग-2 नावाच्या पद्धतीने दाबून भरलेला असतो, तो उलगडणाऱ्या डीकोडरची रॉयल्टी प्रत्येक कॉम्प्युटरमागे भरायला लागायची आणि निम्म्या लॅपटॉपना ड्राइव्हच नसायला लागले होते. हिशोब म्हणून पटतं. पण नंतर विंडोज 10 च्या काळात त्याच कंपनीने स्वतःच्या स्टोअरवर साधं डीव्हीडी चालवायचं अॅप जवळपास पंधरा डॉलरला ठेवलं, हे काही पटत नाही बाबा. गंमत म्हणजे एमपेग-2 ची अमेरिकेतली शेवटची पेटंटं 2018 मध्येच संपली.

असो. तर सॉफ्टवेअर शोधायला बसलो आणि नेटवर 'टॉप 10 डीव्हीडी प्लेयर' छाप जे लेख असतात ते वाचून डोकं उठलं. सगळ्यात तेच, अमुकचा इंटरफेस छान, तमुकमध्ये स्किन्स आहेत. अरे पण डिस्क कुठली आहे ते कोण विचारणार? मला तीन रविवारांनंतर कळलेली गोष्ट ही की आपल्या डब्यातल्या सगळ्या चकत्या दिसायला सारख्या असल्या तरी आत तीन-चार वेगळ्या जाती आहेत, आणि प्लेयर निवडायचा तो त्या जातीवर.

व्हीसीडी घ्या. कॉम्प्युटरमध्ये टाकून उघडली की आत एमपेगएव्ही नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात डॅट एक्स्टेन्शनची एक मोठी फाइल. हाच तो सिनेमा. एमपेग-1, म्हणजे एमपेग-2 च्या आधीची पद्धत, आणि आपल्याकडच्या पॅल नावाच्या टीव्ही पद्धतीत 352 बाय 288 ठिपके. गुणाकार करा, एक लाख ठिपके होतात. माझ्या मॉनिटरवर वीस लाखाच्या वर आहेत. म्हणजे एका ठिपक्याचे वीस करून दाखवायचे, मग चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा दिसणारच, त्याला कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, जो 'एचडी करून देतो' म्हणेल त्याच्या नादी लागू नका. खिडकी अर्ध्या स्क्रीनएवढी ठेवा नाहीतर लांब सोफ्यावर बसा, दोन्हीने सारखाच फायदा होतो.

व्हीसीडीची दुसरी गंमत मला फार आवडली. साध्या डेटा सीडीत प्रत्येक खणात 2048 बाइट माहिती असते आणि बाकीची जागा चुका दुरुस्त करायच्या कोडला जाते. व्हीसीडी बनवणाऱ्यांनी सिनेमाच्या खणांमध्ये तो दुरुस्तीचा थर काढूनच टाकला आणि 2324 बाइट सिनेमाच भरला, का, तर सीडीवर जेवढा वेळ गाणी मावतात तेवढाच वेळ सिनेमा मावावा, 74 मिनिटं. म्हणूनच हिंदी पिक्चर दोन-तीन सीड्यांचा असायचा. आणि म्हणूनच ओरखडा पडला की चित्रात हिरवे-गुलाबी चौकोन येतात, पण चांगला प्लेयर त्यावरून उडी मारून पुढे जातो. विंडोजमध्ये तीच फाइल कॉपी करायला जाल तर ओरखड्याशी येऊन थांबतं आणि एरर देऊन सगळी कॉपी रद्द. मी एक अख्खी दुपार यात घालवली, नाटक मस्त चालत होतं पण कॉपी होत नव्हतं, मला वाटलं ड्राइव्हच बिघडला.

तर व्हीसीडीसाठी सरळ व्हीएलसी हा फुकटचा प्लेयर. त्यात 'ओपन डिस्क' म्हणून आहे, कंट्रोल आणि डी दाबलं की येतं, तिथे डीव्हीडी, ब्लू-रे, ऑडिओ सीडी आणि व्हीसीडी असे पर्याय असतात, व्हीसीडीवर टिक करायची आणि प्ले. आपण नुसतं डिस्कच्या आयकॉनवर डबल क्लिक करत बसतो आणि मग म्हणतो चालत नाही. डॅट फाइल ओढून त्यावर टाकली तरी चालते.

व्हीएलसीबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे कारण ती ट्रॅफिकवाली नारिंगी टोपी सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर असते आणि कुणालाच तिचा पत्ता माहीत नसतो. पॅरिसजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या, एकोल सॉंत्राल पारीच्या, पोरांनी 1996 ला हे सुरू केलं, त्यांना हॉस्टेलचं नेटवर्क फास्ट करून हवं होतं आणि त्यासाठी नेटवर्कवरून व्हिडिओ दाखवायचं कारण पुढे केलं. 2001 ला ते सगळ्यांना मोकळं केलं, फुकट, सोर्सकोडसकट. टोपी म्हणजे रस्त्यावरचे शंकू, ते पोरांनी कुठून कुठून उचलून आणून जमवलेले. हे वाचल्यावर मला आमचं हॉस्टेल आठवलं, आमच्याकडे 'पुढे काम चालू आहे' चा बोर्ड होता.

आणि आपल्याकडे याच्या साइटवर चक्क बंदी होती, आठवतंय का? 2022 च्या सुरुवातीपासून व्हिडिओलॅनची, म्हणजे व्हीएलसी बनवणाऱ्यांची, साइट भारतात उघडेना, कुणाला कारण सांगितलं नाही, ज्यांनी बनवलं त्यांनाही नाही. शेवटी ऑक्टोबरमध्ये त्यांनी इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या संस्थेच्या मदतीने सरकारला नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये साइट परत उघडली. या मधल्या काळात झालं काय की लोकांनी गूगलवर जे पहिलं दिसेल तिथून व्हीएलसी उतरवलं. माझ्या मेव्हण्याच्या लॅपटॉपवर त्या सुमारास उतरवलेलं जे होतं त्याच्याबरोबर दोन टूलबार आणि एक 'पीसी क्लीनर' आला होता. आता मूळ साइट उघडते, तिथूनच घ्या, फुकट आहे, कुठेही कार्ड नंबर मागत नाही, मागितला तर ते व्हीएलसी नाही.

आता डीव्हीडी. इथे दोन जाती, बाजारातून घेतलेली आणि शूटिंगवाल्याने करून दिलेली.

बाजारातल्या बऱ्याचशा डीव्हीडींवर सीएसएस नावाचं कुलूप असतं. हे कुलूप 1999 ला नॉर्वेच्या योन योहान्सेन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या नावावर निघालेल्या छोट्याशा प्रोग्रॅमने उघडलं, मूळ तक्रार काय तर लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या फुकट सिस्टीमवर, डीव्हीडी बघता येत नाही. त्याच्यावर खटला झाला, 2003 ला सुटला. व्हीएलसीच्या पोटात आज त्याच कामाची लायब्ररी असते, त्यामुळे विंडोजवर वेगळं काही टाकावं लागत नाही. उबुंटूवर (हा लिनक्सचाच एक प्रकार) मात्र ती आपण वेगळी टाकायला लागते, लिबडीव्हीडी-पीकेजी नावाचं पॅकेज आहे, ते टाकल्यावर टर्मिनलमध्ये आणखी एक कमांड द्यायला सांगतं ती वाचून द्या, अर्धे लोक तिथेच सोडून देतात.

दुसरं कुलूप रीजनचं. जगाचे तुकडे पाडलेत, अमेरिका एक नंबर, युरोप आणि जपान दोन, आपण पाच, आपल्या पंगतीला रशिया आणि बरीचशी आफ्रिका. आत्तेभावाची डिस्क म्हणूनच लागत नव्हती इतकी वर्षं. आणि बाबा त्याला फोनवर म्हणायचे, कोरी पाठवलीस रे! कॉम्प्युटरच्या ड्राइव्हलाही रीजन असतो आणि तो फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. विंडोज विचारतं की बदलू का, आणि आपण सवयीने ओके ओके करत जातो. नका करू. व्हीएलसी विंडोजला न विचारता स्वतःच डिस्क वाचतो, रीजनचं बहुतेक वेळा बघतही नाही. माझ्याकडे अमेरिकन डिस्क पहिल्या फटक्यात लागली, ड्राइव्हचा रीजन होता तोच राहिला. डिस्कमध्ये काय होतं? कुठल्यातरी धबधब्याची डॉक्युमेंटरी. एवढ्यासाठी चौदा वर्षं.

अजून एक, डीव्हीडी उघडून आतल्या व्हीओबी फायलींवर क्लिक करू नका. सिनेमा एक-एक जीबीच्या तुकड्यांत कापलेला असतो आणि कुठला तुकडा कधी लावायचा ते बाजूच्या छोट्या आयएफओ फायलींमध्ये लिहिलेलं असतं. तुकड्यावर क्लिक केलं की मधूनच सुरू होतं, आवाज भलत्याच भाषेत येतो, आणि आपल्याला वाटतं डिस्क खराब आहे. अख्खा ड्राइव्ह नाहीतर व्हिडिओ-टीएस फोल्डर उघडायचा.

आणि आवाज! आईची मुख्य तक्रार ही की गाणी कानठळ्या बसवतात आणि बोलणं ऐकूच येत नाही. याचं कारण त्या डीव्हीडीत सहा स्पीकरचा आवाज असतो, माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरला दिलेलं असतं आणि आपल्याकडे टेबलावर दोन डबड्या. मेनूत स्टीरिओ ट्रॅक असला तर तो लावा, नसला तर व्हीएलसीच्या इफेक्ट्समध्ये कंप्रेसर आहे तो चालू करा, मोठा आवाज दाबला जातो आणि बारीक वर येतो. ही एक गोष्ट केल्यावर घरात शांतता झाली.

आता शूटिंगवाल्याची डीव्हीडी. त्यावर कुलूप नसतं, मेनूत मोगऱ्याच्या माळा आणि आमची नावं बदामात. पण अंतरपाट धरलाय, कुणी हललं की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. हे डिस्क खराब असल्याने नाही. त्या काळचे कॅमेरे चित्र अर्धं-अर्धं घ्यायचे, एकदा विषम ओळी, एकदा सम, जुन्या डबा टीव्हीला ते चालायचं, आताच्या मॉनिटरला दोन्ही अर्धी एकदम दाखवायची असतात. इलाज आहे डीइंटरलेस. व्हीएलसीत व्हिडिओच्या मेनूत ते ऑन करायचं आणि मोडमध्ये याडिफ निवडायचं, नाव विचित्र आहे पण काम चोख. वरात एकदम गुळगुळीत दिसायला लागली, बँडवाल्याचा ट्रॉम्बोन इतका स्वच्छ मी प्रत्यक्षातही बघितला नव्हता.

मग मी सगळं व्हीएलसीवरच का नाही थांबलो? कारण आई एका बैठकीत काहीच बघत नाही. अर्धा तास बघते, कुकर लावते, मग बंद करून दुसऱ्या दिवशी म्हणते काल होतं तिथून लाव. डीव्हीडीसाठी हे मला एमपीसी-एचसी नावाच्या दुसऱ्या फुकट प्लेयरमध्ये सापडलं, सेटिंगमध्ये डीव्हीडीची जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे. हा दिसायला अगदी विंडोज 98 च्या जमान्यातला, करडा, रसहीन, आणि मला म्हणूनच आवडतो. 2017 ला मूळ टीमने काम थांबवलं होतं, पण एकाने हातात घेऊन पुढे चालू ठेवलंय, अजून नवीन आवृत्त्या येतात, फक्त जुन्या साइटवरून जुनी घेऊ नका. लागणारे डीकोडर आतच असतात, पूर्वीसारखी वेगळे डीकोडर टाकायच्या कोडेक पॅकची खिचडी करावी लागत नाही. एक आहे, डीव्हीडीसाठी हा विंडोजच्याच यंत्रणेवर चालतो, म्हणजे रीजनची कटकट याला आहे.

पैसे देऊन घ्यायचे पण आहेत. पॉवरडीव्हीडी, विनडीव्हीडी, एक्सपीच्या काळात ड्राइव्हबरोबर यातलं एखादं फुकट सीडीत यायचं, कारण एक्सपीला पण स्वतःचा डीकोडर नव्हता. आज साध्या डीव्हीडीसाठी घ्यावं असं मला वाटत नाही. मी एकाचं ट्रायल टाकून बघितलं, नाव घेत नाही, त्याने चित्र जरा उजळ केलं हे खरं, पण आई नाटक बघतेय आणि मधूनच कोपऱ्यात 'अपग्रेड करा'. ब्लू-रे असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कुलपं मोठी आहेत, फुकटच्या प्लेयरला किल्ल्या वेगळ्या शोधाव्या लागतात, पैसे दिलेले परवडतात. फक्त 4के ब्लू-रेचा विचार असेल तर आधी प्रोसेसर बघा. त्या डिस्कसाठी विंडोजवरच्या प्लेयरला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सुरक्षेची सोय लागायची आणि इंटेलने 11 व्या पिढीपासूनच्या साध्या प्रोसेसरांत ती ठेवलीच नाही. जुन्या कॉम्प्युटरवर चालेल आणि नव्यावर नाही, असं पहिल्यांदाच बघितलं. आमच्याकडे ब्लू-रे एकही नाही त्यामुळे यावर जास्त ज्ञान पाजळत नाही.

मुंजीच्या सीडीने मात्र रडवलं. घरी राइट केलेली, खालची बाजू निळसर, त्यातला रंगच उडत चाललेला. छापील सीडीत खड्डे दाबलेले असतात ते राहतात, या आपल्या घरच्यांत रंगाचा थर जाळलेला असतो, तो उन्हा-गरमीत जातो. आणि आमचा डबा कुठे, तर गच्चीला लागून असलेल्या माळ्यावर. प्लेयर बदलून काही होईना. शेवटी ऑफिसमधल्या एका मित्राच्या जुन्या कॉम्प्युटरच्या मोठ्या, आतल्या ड्राइव्हने ती वाचली, माझ्या सपाट ड्राइव्हने नाही. तेव्हा डिस्क एकीकडे लागली नाही तर सॉफ्टवेअर बदलायच्या आधी ड्राइव्ह बदलून बघा. भिक्षावळ पूर्ण आली, मातृभोजनाची चार मिनिटं गेली. लगेच हार्ड डिस्कवर उतरवली. लग्नाची डीव्हीडी पण मेकएमकेव्ही नावाच्या प्रोग्रॅमने उतरवून ठेवली, ते चित्राला हात न लावता आहे तसं एका फाइलमध्ये भरतं.

आता आईसाठी डेस्कटॉपवर दोनच आयकॉन ठेवलेत, एकाचं नाव 'नाटक' आणि एकाचं 'पिक्चर'. पहिला व्हीएलसी, दुसरा एमपीसी. कीबोर्डवर स्पेसबारला लाल टिकली लावलीय, थांबवायला आणि चालू करायला, आणि एफला हिरवी, व्हीएलसीत मोठं करायला. माउस तिला आवडत नाही, म्हणते हातातून पळतो.

काल तिने स्वतःहून नाटक लावलं. पहिली सीडी संपली, बाहेर काढली, दुसरी घातली, दुसरा अंक पण झाला. मग तिसरीसाठी कव्हर उघडलं तर आत हरिपाठ. अख्खे दोन डबे उलटे केले, तिसरा अंक नाही. तिला पक्कं आठवतंय की 2009 च्या दिवाळीत शेजारच्या काकूंनी बघायला नेली होती. काकू आता बदलापूरला राहतात. फोन झालाय, त्या बघून सांगते म्हणाल्यात.